सकाळच्या शाळेची पूर्वपीठिका

पहाटे उठणे हा सद्गुण आहे, याविषयी आमच्या समाजात सहसा दुमत आढळत नाही. काकडआरतीस जाणाऱ्या वारकऱ्यापासून मोटेवर जाणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत सर्वांनी तो मान्य केलेला आहे. आणि जी गोष्ट सर्वमान्य असते तिची चिकित्सा करण्याची गरज कोणास भासत नाही. ज्या मुलास पहाटे उठवत नाही तो आळशी, हा निकालही तितकाच जुना आणि तितकाच विनाचौकशी दिलेला आहे. प्रस्तुत लेखात या निकालाची फेरतपासणी करण्याचा आमचा विचार आहे. ती आम्ही मुख्यतः इतिहासाच्या अंगाने करणार आहोत. कारण सकाळी सात वाजता भरणारी शाळा ही आमच्या जुन्या वळणाची शाळा आहे, अशी जी समजूत आहे ती इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही, असे आमचे मत आहे.

या विषयास निमित्त झाले ते सरकारी आज्ञेचे. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याने शाळांच्या वेळांचा फेरविचार व्हावा, अशी सूचना केली. तदनुसार ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने निर्णय काढला की, पूर्वप्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. हेतू स्तुत्य होता. परंतु निर्णय चौथीशी थांबला. पाचवीच्या पुढील मुलामुलींविषयी, म्हणजे ज्यांचे शरीर बाल्य सोडून तारुण्याकडे वळत आहे त्यांच्याविषयी, त्यात शब्द नाही. शास्त्र मात्र असे सांगते की, पहाटेच्या शाळेचा खरा जाच याच वयास होतो. तेव्हा ज्यास अधिक गरज त्यास वगळून ज्यास कमी गरज त्यास सवलत मिळाली, असा हा प्रकार झाला.

पुढे जाण्यापूर्वी आमच्याच आयुष्यातील एक गोष्ट सांगणे प्रामाणिकपणास धरून होईल. काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात अकरावीच्या वर्गास आमचा इंग्रजीचा तास सकाळी साडेसातास असे. मागील बाकावरील एक मुलगा त्या तासास नित्य झोपे. जानेवारीतील एका सकाळी आम्ही त्यास सर्वांदेखत उभे केले आणि ‘रात्री काय दिवे लावता?’ असे विचारले. वर्ग हसला. तो काही बोलला नाही. पुढे पंधरा दिवसांत तो येईनासा झाला. चौकशी करता कळले की, पाथर्डीकडील एका वस्तीवरून पहिली एस. टी. गाठण्यासाठी त्यास साडेचारास उठावे लागे. रात्रीच्या पाळीत वीज आली की पिकास पाणी देण्यास तोच जाई. आणि ज्या रात्री वीज नसे त्या रात्रीही अकराच्या आत त्यास झोप येत नसे. ही शेवटची गोष्ट त्याच्या वडिलांनी दोषासारखी सांगितली, आणि आम्हीही ती तशीच ऐकली. तो दोष नव्हता, हे आम्हांस फार मागाहून उमगले. मुलगा वर्गात परत आला नाही.

आता इतिहासाकडे वळू. इंग्रजी अमलाच्या आरंभी दक्षिणेत ज्या गावठी शाळा होत्या त्या सकाळीच भरत, हे खरे आहे. मुंबई इलाख्याला लागूनच असलेल्या बळ्ळारीचा कलेक्टर कँपबेल याने १८२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातील शाळांचे जे वर्णन सरकारास लिहून पाठविले ते प्रसिद्ध आहे. शाळा सहाच्या सुमारास सुरू होई. प्रथम येणाऱ्या मुलाच्या तळहातावर सन्मानार्थ सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या तळहातावर पूज्य काढीत, म्हणजे त्यास ना शाबासकी ना शिक्षा. तिसऱ्यास छडीचा एक फटका बसे, चौथ्यास दोन, आणि याप्रमाणे पुढे चढत्या क्रमाने. पंतोजींची ही शिस्त आमच्या आजोबापणजोबांस परकी वाटली नसती. लवकर येण्याचे कौतुक आणि उशिराचे शासन ही जोडी तेव्हापासूनची आहे.

परंतु येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. ते ‘सहा’ कोणत्या घड्याळाचे? ज्या गावात लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीही पाण्यात घटिकापात्र सोडून बसावे लागे, त्या गावात शाळेस घड्याळ कोठून असणार? ते सहा साहेबाच्या खिशातील घड्याळाचे होते. गावाच्या लेखी ती सूर्योदयाची वेळ होती. सूर्य हिवाळ्यात उशिरा उगवला की शाळाही उशिरा भरे, उन्हाळ्यात लवकर उगवला की लवकर. आणि रात्र? करडईच्या तेलाचा दिवा जाळणे ही चैन होती. दिवेलागणीनंतर जेवणे आटोपली की घर अंधारात जाई. मुलास पहाटे उठविणाऱ्या त्या समाजाने त्यास आदल्या रात्री लवकर निजविलेलेही असे. आम्ही त्या परंपरेचे उत्तरार्ध तेवढे वारशाने घेतले. पूर्वार्ध विजेच्या दिव्याखाली हरवला.

सूर्य आणि घड्याळ यांची फारकत नगरास कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. नगर शहर पूर्व रेखांशाच्या सुमारे ७४ अंश ४५ कलांवर आहे. पृथ्वीस एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात, या हिशेबाने नगरची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५९ मिनिटे येते. मुंबईची येते ४ तास ५१ मिनिटे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे. १८७८ मध्ये धोंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि नगरास आगगाडी आली. आगगाडीच्या घड्याळात मद्रासची वेळ असे. म्हणजे स्टेशनावरचे घड्याळ नगरच्या सूर्यापेक्षा २२ मिनिटे पुढे चालू लागले. ज्यास गाडी धरावयाची त्यासच त्याची मातबरी. बाकीचा गाव माथ्यावरच्या सूर्याने चाले.

मुंबईत मात्र यावरून वाद पेटला. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजास मद्रासची वेळ लावली. लोकमत इतके विरुद्ध गेले की तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून सबंध देशास एक प्रमाणवेळ लागू झाली. तिचे रेखावृत्त ८२ अंश ३० कलांचे, म्हणजे मिर्झापूरच्या बाजूचे. मुंबईचे घड्याळ तिने ३९ मिनिटे पुढे ढकलले. त्याच महिन्यात मुंबईच्या गिरणीकामगारांनी या बदलाविरुद्ध निषेध केला, आणि शहरात जुनी वेळ पाळण्याचा आग्रह तर १९५५ पर्यंत टिकला. सुशिक्षितांनी या वादात स्वाभिमानाचा प्रश्न पाहिला. कामगाराच्या तक्रारीचे मर्म याहून साधे होते: आकडा तोच ठेवून घड्याळ पुढे केले, की माणसास अंथरुणातून तेवढे आधी उठावे लागते.

मुंबई भांडली; नगर भांडले नाही. या प्रमाणवेळेने नगरचे घड्याळ सूर्याच्या ३१ मिनिटे, म्हणजे सुमारे सव्वा घटिका पुढे गेले, आणि ते आजही तसेच आहे. आज आपण ज्यास सकाळचे सात म्हणतो ते नगरच्या सूर्याचे साडेसहा. जानेवारीच्या पूर्वार्धात येथे सूर्य घड्याळाने सात वाजून गेल्यावर उगवतो. तेव्हा सातच्या शाळेची घंटा अक्षरशः सूर्योदयापूर्वी होते, आणि त्या घंटेस पोहोचणारा मुलगा किर्र अंधारात उठलेला असतो. पंतोजींच्या शाळेने सुद्धा मुलास सूर्याच्या आधी बोलावले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रकार शिगेस गेला. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारने घड्याळे आणखी एक तास पुढे केली होती. नगरच्या सूर्याहून घड्याळ तेव्हा दीड तास पुढे धावत होते. नेमक्या याच काळात, ऑगस्ट १९४२ पासून, नगरच्या भुईकोट किल्ल्यात राष्ट्रसभेचे पुढारी बंदिवासात होते. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तेथेच १९४४ मध्ये लिहिले, आणि मौलाना अबुल कलाम आझाद यांची ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रेही तेथलीच. मौलाना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत आणि त्या निवांत वेळी लिहीत बसत. ते चार सरकारी घड्याळाचे धरले, तर नगरच्या सूर्याने ते अडीचच होत. ही निष्ठा आदरास पात्र आहे यात शंका नाही. पण दोन गोष्टी विसरू नयेत. एक, मौलानांस कोणी उठवीत नव्हते. ते आपल्या आवडीने उठत. दुसरी, त्यांचे वय तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते.

वयाची ही गोष्ट सर्व प्रश्नाच्या मुळाशी आहे. शरीरात एक घड्याळ आहे, ही कल्पना जुनी आहे. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच ज्योतिर्विदाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवून पाहिले. सूर्य न दिसताही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत. हे घड्याळ पेशींत कसे चालते, त्याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघा अमेरिकन संशोधकांस २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याच्या बाबतीत हे घड्याळ जन्मभर एकाच ठिकाणी राहत नाही. ब्राऊन विद्यापीठातील मेरी कार्स्केडन आदिकरून संशोधकांनी दाखविले आहे की, वयात येताना ते मागे सरकते. रात्री झोपेची सूचना देणारा मेलाटोनिन नावाचा रस शरीरात उशिरा स्रवू लागतो, आणि अकराच्या आधी झोप येणे पुष्कळ मुलांस अशक्यप्राय होते. विशी ओलांडल्यावर घड्याळ हळूहळू उलट फिरते, आणि उतारवयात माणूस आपोआप पहाटे जागा होतो. तेरा ते अठरा या वयास आठ ते दहा तासांची झोप लागते, असे अमेरिकेतील निद्राशास्त्रज्ञांच्या परिषदेने २०१६ मध्ये ठरविले. अकरास निजलेल्या मुलास साडेपाचास उठविले तर त्यास साडेसहा तास मिळतात. उणीव रोज किमान दीड तासाची, आणि शाळेच्या सहा दिवसांची नऊ तासांची. म्हणजे आठवड्यातून एक सबंध रात्र आपण त्याच्यापासून काढून घेतो.

आता शाळांचे वेळापत्रक कोण करतो, याचा विचार करा. ते मुख्याध्यापक करतात, संस्थाचालक करतात, प्राध्यापक करतात. यांपैकी बहुतेकांस पहाटे पाचास आपोआप जाग येते. पन्नाशीचा मनुष्य आपल्या झोपेच्या मापाने सोळाव्या वर्षाच्या मुलाचा दिवस कापतो, आणि तो अंगास बसला नाही तर मुलाच्या अंगात दोष काढतो. या मनुष्यांत आम्हीही होतो.

कोणी म्हणेल, मुलांच्या हातातील मोबाईल काढून घ्या म्हणजे सारे सुरळीत होईल. मोबाईलने झोप लांबते हे खरेच आहे, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी त्याबाबत स्वतःपासून आरंभ केला तर ते इष्टच होईल. परंतु तारुण्यातील झोपेचे हे मागे सरकणे मोबाईल निघण्यापूर्वीच नोंदले गेले आहे. शिवाय आमच्या प्रदेशास प्रमाणवेळेची आणखी एक अडचण आहे. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातील मुलांच्या दिनक्रमाचा अभ्यास करून दाखविले आहे की, जेथे सूर्य घड्याळाने उशिरा मावळतो तेथील मुले उशिरा निजतात. शाळा मात्र घड्याळावर भरत असल्याने उठतात तेव्हाच. आणि एकंदरीत त्यांची झोप व त्यामागोमाग त्यांचे शिक्षण कमी पडते. देशाच्या पश्चिम भागातील आपण सर्व त्या प्रकारातच मोडतो.

मग सकाळी सातची ही शाळा आली तरी कोठून? आमच्या लहानपणी खेड्यातील मराठी शाळा साडेदहा-अकरास भरून पाचास सुटत असे. कचेरीच्या वेळा शाळेस लागल्या होत्या. सकाळची शाळा असे ती शनिवारी, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात. नगर-पारनेर-कर्जतचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्यास त्या दोन महिन्यांतील सकाळच्या शाळेचे मोल सांगावयास नको. ती शाळा उन्हातून सुटका म्हणून होती, आणि तेव्हा सूर्यही सातच्या बराच आधी उगवलेला असे. बारमाही सकाळची शाळा ही निराळी वस्तू आहे. १९५० मध्ये अंमलात आलेल्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प केला. मुले शाळेत आली, हे फार मोठे काम झाले. पण खोल्या त्या मानाने वाढल्या नाहीत. तेव्हा एकाच इमारतीत सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन शाळा भरू लागल्या. शहरांत जागा महाग, म्हणून तेथे ही रीत पक्की झाली; तालुक्याच्या गावी ती मागोमाग आली. सारांश, बारमाही सातची शाळा ही खोल्यांच्या टंचाईची संतती आहे. तिला ब्राह्ममुहूर्ताचे गोत्र मागाहून चिकटविण्यात आले.

टंचाई ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. गरीब देशाने दोन पाळ्यांत मुले शिकविली याचा अभिमानच बाळगावा. आमचा आक्षेप इतकाच की, अडचणीपोटी केलेली तडजोड सद्गुणाच्या नावाखाली चालू लागली म्हणजे तिच्यात सुधारणा करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. खोली कमी आहे असे म्हटले तर खोली बांधण्याचा प्रश्न उभा राहतो. मुलगा आळशी आहे असे म्हटले की सर्व प्रश्न मिटतात.

इतर देशांत काय झाले, तेही थोडक्यात पाहू. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एडायना या गावाने १९९६ मध्ये माध्यमिक शाळेची वेळ ७-२० वरून ८-३० केली. २०१४ मध्ये तेथील बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेने मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आत भरू नयेत, असा अभिप्राय दिला. सिॲटल शहराने २०१६ मध्ये आपल्या माध्यमिक शाळा ७-५० वरून ८-४५ वर नेल्या. मुलांची झोप मोजली असता ती रोज ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली. मुले उशिरा उठण्याची सवलत मिळाल्याने तितकीच उशिरा निजतील, ही भीती खोटी ठरली. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये याचा कायदाच केला आणि तो २०२२ पासून लागू झाला. फ्लॉरिडानेही २०२३ मध्ये असा कायदा केला होता. परंतु वाहनांची व्यवस्था आणि खर्च यांपुढे हार मानून २०२५ मध्ये तो रद्द केला. तेव्हा सुधारणा सोपी आहे, असे आम्ही म्हणत नाही.

आपल्याकडे तर अडचणी अधिक आहेत. खेड्यातील मुलांची शाळा एस. टी.च्या वेळेस बांधलेली असते. उशिरा सुटणाऱ्या शाळेतून हिवाळ्यात घरी जाण्यास मुलींना अंधार पडतो, आणि त्या अंधाराच्या भयाने कित्येकींची शाळाच सुटते. सकाळी पाणी भरून, धारा काढून येणाऱ्या मुलांस शाळा उशिरा भरली तरी झोप मिळेलच असे नाही. घरचे काम तेवढे वाढेल. या आक्षेपांस हसण्यावारी नेऊ नये. परंतु त्यांतून निष्पन्न होते ते इतकेच की, सबंध राज्यास एकच आकडा लावून भागणार नाही.

आमच्या अल्पमतीने तीन गोष्टी सुचतात. पहिली, दोन पाळ्या अपरिहार्यच असतील तेथे सकाळची पाळी लहानांस आणि नंतरची मोठ्यांस द्यावी. सिॲटलने हेच केले. लहान मूल संध्याकाळी लवकर पेंगते आणि पहाटे लवकर उठते, हे प्रत्येक आईस ठाऊक आहे. २०२४ च्या निर्णयाने मात्र लहानांस नऊनंतर बोलाविल्यामुळे दोन पाळ्यांच्या शाळेत सकाळची पाळी मोठ्यांच्याच गळ्यात पडते. दुसरी, शाळेची वेळ ऋतूप्रमाणे बदलावी: मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा खुशाल असावी, परंतु नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत सूर्योदयानंतर निदान दीड तास कोणतीही घंटा होऊ नये. तिसरी, एस. टी.चे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक तालुक्याच्या ठिकाणी एकत्र बसून ठरवावे. यांपैकी कशासही मोठा खर्च नाही. एका टेबलाभोवती बसण्याची तयारी मात्र हवी.

याच जिल्ह्यात नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्या गीतेवर ती टीका आहे, तिच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या झोपेचाही विचार आला आहे: फार निजणाऱ्यास योग साधत नाही आणि फार जागणाऱ्यासही साधत नाही, निजणे आणि जागणे दोन्ही मापात असावीत. यांपैकी पहिला अर्धा भाग आम्ही शिक्षकांनी विद्यार्थ्यांस पिढ्यानुपिढ्या ऐकविला. दुसरा अर्धा ऐकविण्याचे राहून गेले.

१ जानेवारी १९०६ पासून आजतागायत नगरच्या मुलावर ३१ मिनिटांचे कर्ज आहे; त्याच्या वयाने त्यावर तासभराची भर घातली; खोल्यांच्या टंचाईने आणखी तासभराची. या कर्जातील एक पैही त्याने स्वतः काढलेली नाही, आणि फेड मात्र तो रोज पहाटे करीत आला आहे. वर्गात पेंगणारा मुलगा दिसला की आम्ही आता त्यास उभे करीत नाही. खिडकीजवळच्या बाकावर बसावयास सांगतो, आणि तास सुटल्यावर तो कोठून येतो, कितीला उठतो, एवढे विचारतो. पाथर्डीच्या त्या मुलास हा प्रश्न आधी विचारला असता, तर त्याचे उत्तर आम्हांस वर्गाबाहेर शोधावे लागले नसते.